शैला कांबळे आणि सेकंड शिफ्ट

तुम्ही कधी एखाद्या माणसाचा आवाज बंद केला आहे का? त्यासाठी गळा धरावा लागत नाही. एका बोटाने काम होतं. समोरचा माणूस गात राहतो, त्याचे ओठ हलत राहतात, आणि आपण खुर्चीत बसून ते बघत राहतो. उत्तराची घाई नाही. मी आधी शैला कांबळेंबद्दल सांगते, मग पुन्हा विचारते.

शैलाताई आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या नास गावात राहतात. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्या गावाबाहेरच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स होत्या. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे लहान दवाखाना. आयर्लंडमध्ये म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं शेवटचं घर. सुटीच्या दिवशी याच शैलाताई ‘शैला अँड द सेकंड शिफ्ट’ नावाच्या सात जणांच्या बँडच्या गायिका आणि म्होरक्या असत. बँड रिदम अँड ब्लूज वाजवायचा. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांच्या गाण्यांतून वाढलेलं हे संगीत. त्यात एक जण हाक मारतो आणि बाकीचे उत्तर देतात. बँडमध्ये शैलाताई सोडून सगळे आयरिश आणि सगळे कष्टकरी. गिटार वाजवणारा डर्मट स्वोर्ड्सच्या मार्गावर बस चालवायचा, आणि ड्रमवर बसणारा मिक आयुष्यभर सुतारकाम करून म्हातारा झालेला.

मी जानेवारी २०२० मध्ये इथल्या एका संगणकाच्या चिपच्या कारखान्यात नोकरीला आले आणि डब्लिनच्या कडेला ॲडम्सटाउनला एक खोली घेतली. आमच्या मराठी मंडळाला शाळेचा हॉल फेब्रुवारीत मिळाला, म्हणून संक्रांतही फेब्रुवारीत झाली. भावगीतं, मुलांचे नाच, फॅन्सी ड्रेस झाल्यावर साठीला टेकलेली, ठेंगणी, केस बारीक कापलेली एक बाई माइकपाशी आली. काळी साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पदरावर नर्सचं उलटं टाचलेलं घड्याळ.

“नमस्कार. मी शैला कांबळे, मिरजेची. कांबळे. ज्यांना विचारायचं होतं त्यांनी आता निवांत तिळगूळ खावा.”

काही जण हसले. काही जणांनी मोबाइल काढला.

“मी एक ओळ म्हणणार आणि थांबणार. थांबले की तुम्ही तीच ओळ परत म्हणायची. सोपं आहे.”

मागे डर्मटची गिटार सुरू झाली. शैलाताईंनी ओळ म्हटली. जाड, खरखरीत, हॉलच्या मागच्या भिंतीवर जाऊन आपटणारा आवाज. मग त्या थांबल्या. हॉलमध्ये परीक्षेसारखी शांतता. त्यांनी पुन्हा ओळ म्हटली आणि पुन्हा थांबल्या. पहिल्या रांगेतल्या पाच-सहा वर्षांच्या एका मुलीने आयरिश उच्चारात ती ओळ जोरात परत म्हटली. तिच्या आईने लगेच तिच्या तोंडावर हात ठेवला.

शेवटी टाळ्या झाल्या, चांगल्या झाल्या. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “आवाज गोड नाही पण दमदार आहे हं. एखादं भावगीत म्हणाल्या असत्या तर!” मंडळाचे अध्यक्ष अभयदादा माइकवर म्हणाले, “काहीतरी वेगळं ऐकायला मिळालं.” वेगळं हा आमच्याकडे फार सोयीचा शब्द आहे.

चहाच्या टेबलापाशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, “ताई, मी स्वाती.”

“पुढं?”

“आडनाव मी लावत नाही.”

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करतात. आमच्या घरी पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांच्यासमोर घड्या घालायला पत्रकं ठेवली जात. जातीविरुद्धची पत्रकं वाचत मी वाचायला शिकले, आणि कॉलेजात असताना अभिमानाने आडनाव टाकलं. हे सगळं मी शैलाताईंना भराभर सांगितलं. त्यांनी शांतपणे चहात बिस्किट बुडवलं.

“बरं केलंस. तुला टाकता येतं. मी टाकलं की लोक शोधायला लागतात. मग मीच आधी सांगते, त्यांचा वेळ वाचतो.” मग बिस्किट खाऊन झाल्यावर, “कुलकर्णी का?”

“हो.”

“ग्रँड. शनिवारी तालमीला ये. अकरा म्हणजे अकरा.”

मी अकरा वाजून दहा मिनिटांनी पोचले. ट्रेन वेळेवर होती; मीच नासजवळच्या सॅलिन्स स्टेशनबाहेर रस्ता चुकले. नासच्या चर्चच्या त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तर वाजवणं थांबलं आणि सगळे माझ्याकडे आशेने बघू लागले. शैलाताई म्हणाल्या, “डर्मट, प्रेसमधली बरणी काढ.” इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात. बरणीत हिरव्या मिरचीचा ठेचा होता. सेकंड शिफ्टचा नियम असा की उशिरा येणाऱ्याने ब्रेडच्या तुकड्यावर चमचाभर ठेचा घेऊन सगळ्यांसमोर खायचा, आणि खाताना तोंड वाकडं करायचं नाही. मी डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला. मिकने ड्रमवर मला सलामी दिली. डर्मट मात्र इतक्या वर्षांत ठेच्याला सोकावला होता. मुद्दाम पाच मिनिटं उशिरा यायचा आणि घरून लोणी घेऊन यायचा.

मिक ऐंशीच्या घरातला. आदल्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून तो शैलाताईंच्याच नर्सिंग होममध्ये राहत होता. शनिवारी त्या त्याला स्वतःच्या गाडीत घालून तालमीला आणायच्या. प्रत्येक गाण्याआधी त्याच्याकडे जायच्या, त्याचं मनगट धरायच्या, डोळे छातीवरच्या उलट्या घड्याळावर. अर्धा मिनिट सगळा बँड गप्प.

“सत्तर,” त्या म्हणायच्या. “नव्वदला घेऊ.”

त्यांचा हिशेब साधा होता. माणसाला उठवायचं असेल तर गाणं नाडीपेक्षा पुढे पाहिजे. माणसाला धीर द्यायचा असेल तर नाडीच्या जरा मागे. कागदावर लिहिलेलं संगीत त्यांना वाचता यायचं नाही. बाकीच्यांना त्या ढोलकीचे बोल तोंडाने म्हणून दाखवायच्या, आणि ती सहा आयरिश माणसं ‘धिन्‌ ताक’ म्हणत मान हलवायची. मिक म्हणायचा, “युअर वुमन कुठल्या भाषेत बोलते ते माहीत नाही, पण ती भाषा काठीला कळते.” ‘युअर वुमन’ म्हणजे इथल्या बोलीत ‘ही बाई’, आणि काठी म्हणजे ड्रमची.

हे त्या कुठे शिकल्या? मिरजेत, रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीत. वडील जलसा करायचे. निळ्या झेंड्याखाली चौकात पेट्रोमॅक्स लावून गाणी, सवाल-जवाब, भाषण, पुन्हा गाणी. नऊ वर्षांच्या असताना एक झीलकरी आजारी पडला आणि शैलाताई वडिलांच्या मागे झील धरायला उभ्या राहिल्या. शाहिराने ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी उचलायची. वडिलांचा एकच धडा होता: हाक मारली की उत्तर येईपर्यंत पुढं जायचं नाही.

मग नर्सिंगचं शिक्षण, लग्न, नवऱ्याचं लवकर जाणं, आयर्लंड. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नर्सिंग होमच्या ख्रिसमस पार्टीत मिक आणि डर्मट वाजवत होते. त्यांच्या गाणाऱ्याने एक ओळ म्हटली आणि थांबला. जेवणाचा ट्रे हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या शैलाताईंनी मिरजेच्या चौकात द्यायच्या त्याच आवाजात उत्तर दिलं. मिकने काठ्या खाली ठेवल्या आणि विचारलं, “ती कोण?” पुढच्या वर्षी गाणारा डब्लिनला गेला आणि बँड शैलाताईंचा झाला.

नासच्या आसपासचे, किल्डेअर जिल्ह्यातले पब, लग्नं, घोड्यांच्या शर्यतीनंतरचे मेळावे, एकदा लोकल रेडिओ. चर्चच्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलेली एकुलती एक सीडी, जिच्यात तिसऱ्या गाण्याच्या मध्ये केटल शिटी मारते. डब्लिनच्या एका कार्यक्रमवाल्याने एकदा त्यांना मोठ्या ठिकाणी संधी देऊ केली आणि सांगितलं, थोडं इंडियन काहीतरी घालून या, लोकांना रंग आवडतो. शैलाताई ड्यूटीवरून थेट नर्सच्या गणवेशात गेल्या. तो म्हणाला, हे काय? त्या म्हणाल्या, “हेच. आयर्लंडमधल्या इंडियन बाया हेच घालतात. तू कधी आजारी पडला नाहीस वाटतं?” त्याने पुन्हा बोलावलं नाही. ही गोष्ट त्या हसत सांगायच्या. मला मात्र ऐकताना राग यायचा. एकाला त्यांच्या अंगावर रंगीत साडी हवी होती, दुसऱ्याला त्यांच्या तोंडी भावगीत. त्यांना काय गायचं आहे हे कोणीच विचारत नव्हतं.

मग मार्च आला आणि सगळं बंद झालं. पब, हॉल, चर्च बंद. नर्सिंग होममध्ये भेटायला जाणं बंद. घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम निघाला. मी ॲडम्सटाउनमध्ये अडकले, शैलाताई नासमध्ये. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. आधी गमती सांगायच्या: मिक जेवणाच्या ताटावर चमच्यांनी वाजवतो, शेजारच्या खोलीतली म्हातारी भिंतीवर ठोकून ताल धरते. मग गमती कमी होत गेल्या.

एका संध्याकाळी म्हणाल्या, “मास्क आलेत गं. खोकी भरून आलेत. मॅनेजरच्या ऑफिसातल्या कपाटात आहेत.”

“मग?”

“मग कुलूप आहे. ज्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल त्याच्याच खोलीत जाताना मास्क मिळेल म्हणे. बाकी खोल्यांत तसंच जायचं. म्हाताऱ्या माणसांना मास्कची भीती वाटते म्हणे.”

“आणि रिपोर्ट यायला किती दिवस लागतात?”

“तोवर आम्ही खोल्याखोल्यांतून हिंडतो,” त्या म्हणाल्या. “घरोघर अक्षता वाटत हिंडावं तसं.”

त्यांनी मॅनेजरकडे किल्ली मागितली. मिळाली नाही. पुन्हा मागितली. त्याने सांगितलं की तू घबराट पसरवते आहेस. तिसऱ्यांदा त्यांनी कागदावर लिहून मागितली, खाली पूर्ण सही केली. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला. मी हे सगळं शांत भाषेत लिहिते आहे. कपाट होतं, मास्क होते, कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली एका माणसाच्या खिशात होती. याला ‘कठीण काळ’ म्हणणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

एप्रिलमध्ये मिक गेला. शेवटी त्याच्यापाशी शैलाताई होत्या, मनगट धरून, घड्याळाकडे बघत. तोवर त्यांना मास्क मिळाला होता, कारण मिकचा रिपोर्ट आला होता.

फोनवर म्हणाल्या, “इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ताल सोडला बघ.”

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. बाकीचं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंतर राखून उभं राहिलं. त्या वर्षी इथे अशीच पद्धत पडली होती. डर्मट बसच्या गणवेशात आला होता, असं शैलाताईंनी मला नंतर सांगितलं. गाडी जवळ आली तेव्हा सेकंड शिफ्टने टाळ्या धरल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, मिकच्या हाताची जागा होती तिथे.

त्या आठवड्यात शैलाताईंनी गाणं केलं. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर, बस. त्या म्हणणार, “कपाटाची किल्ली कुणाकडं?” मग चार मात्रा मोकळ्या. ऐकणाऱ्यांनी म्हणायचं, “साहेबाकडं.” मग पुढची ओळ: मास्क कुठं होते, मिकची खोली कुठली, तिच्यात बिनमास्कचं कोण कोण गेलं. प्रत्येक ओळीनंतर तोच प्रश्न. त्यांनी मला फोनवर म्हणून दाखवलं आणि मी माझ्या खोलीत उभी राहून ओरडून उत्तर दिलं. शेजारच्याने भिंत ठोकली.

“हे लोकांपुढं म्हणायचं आहे,” त्या म्हणाल्या. “एकदा म्हटलं की मग मला काही नको.”

मंडळाने एक मे रोजी महाराष्ट्र दिनाचा ऑनलाइन कार्यक्रम ठरवला होता. ‘कोविड योद्ध्यांचा’ सत्कार. शैलाताईंचं नाव यादीत होतं. यजमान म्हणून सगळ्यांचे माइक चालू-बंद करण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण मी नवी होते, तरुण होते आणि मला संगणक येतो असं ठरलं होतं.

आदल्या दिवशी अभयदादांचा फोन आला. त्यांच्याविषयी खोटं लिहायचं नाही. मार्चमध्ये मी तापाने पडले तेव्हा माझ्या दारात वरणभाताचा डबा ठेवणारा माणूस हाच.

“स्वाती, शैलाताई काय गाणार आहेत माहितेय का तुला?”

“माहितेय.”

“त्या नर्सिंग होमवाल्यांकडे आपल्या किती मुली आहेत कामाला? मुलींची कामाची परमिटं त्यांच्या हातात आहेत. उद्या एखाद्या मुलीला परत पाठवलं तर जबाबदार कोण? तू?”

“दादा, पण ते खरं आहे.”

“खरं आहे म्हणून म्हणतोय ना! खोटं असतं तर हसून सोडलं असतं. त्यांना सांग, दोन मिनिटांचं काहीतरी छान म्हणा. सत्काराचा कार्यक्रम आहे.”

मी शैलाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं.” त्यांच्या ‘बरं’चा अर्थ होकार असा नव्हता, आणि ते मला माहीत होतं.

एक मे. पडद्यावर चौकटीच चौकटी. मागे तोरणं, फेटे, नथी. सगळ्यांचे माइक बंद, कारण मी ते बंद ठेवले होते. तीन डॉक्टरांचा सत्कार झाला. मग शैलाताई आल्या, त्यांच्या स्वयंपाकघरातून, काळ्या साडीत, पदरावर घड्याळ.

“मी शैला कांबळे, मिरजेची. आज सत्कार नको. एक प्रश्न आहे, तेवढा घ्या.”

एका हाताने टेबलावर ताल धरून त्यांनी पहिली ओळ टाकली. “कपाटाची किल्ली कुणाकडं?” आणि थांबल्या.

उत्तर येणार कुठून? सगळे माइक बंद होते. त्यांना वाटलं असेल, लोक आपापल्या घरात म्हणत असतील. त्या मान तिरकी करून ऐकत राहिल्या. मग मास्कची ओळ सुरू केली. माझ्या फोनवर अभयदादांचा मेसेज आला: बंद कर. लगेच. पुढचा: मुलींचा विचार कर.

मी बंद केलं.

माझ्या वडिलांची पत्रकं, मी टाकलेलं आडनाव, कॉलेजच्या दारात दिलेल्या घोषणा, सगळं होतं. आणि बोट माझंच होतं.

त्या गात राहिल्या. त्यांच्या पडद्यावर कोपऱ्यात छोटी खूण आली असेल, पण त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. घड्याळाकडे बघत होत्या. प्रत्येक ओळीनंतर चार मात्रा थांबत होत्या, मान तिरकी करून उत्तर ऐकत होत्या, आणि पुढे जात होत्या. पूर्ण गाणं. चौकटींमध्ये लोक चहा पीत होते. एक जण पोराला शर्ट घालत होता. गाणं संपल्यावर खाली टाळ्यांची चित्रं उगवली, भरपूर. शैलाताईंनी हात जोडले. अभयदादा म्हणाले, “थोडी तांत्रिक अडचण आली, पण भावना पोचल्या.”

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“पोचलं का गं सगळ्यांना?”

मी म्हटलं, “हो.”

“मला वाटलंच. चेहरे गंभीर होते.”

मे महिन्यात शैलाताईंनी सरकारी तपासनिसांकडे तक्रार पाठवली, नाव, आडनाव, पत्ता सगळं घालून. जूनमध्ये ड्यूटीच्या वेळापत्रकातून त्यांचं नाव गेलं. काढलं असं कोणी म्हटलं नाही. पुढच्या आठवड्याच्या कागदावर ते नव्हतं, एवढंच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नव्हतं. मंडळातून एकाही माणसाने फोन केला नाही. त्या म्हणायच्या, “बिचारे घाबरले असतील, त्या दिवशी सगळं ऐकलंय त्यांनी.” मी त्यांना अजून खरं सांगितलं नव्हतं. दीड महिना त्या अशा लोकांना माफ करत होत्या ज्यांनी काही ऐकलंच नव्हतं.

जुलैमध्ये प्रवासाला मोकळीक मिळाली. मी नासला गेले, त्यांच्या स्वयंपाकघरात दारापाशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बोट माझं होतं, हेही.

त्या सिंकपाशी उभ्या होत्या. नळ बंद केला.

“कुठल्या ओळीला?”

“अं?”

“कुठल्या ओळीला बंद केलंस?”

“दुसऱ्या. मास्कच्या.”

त्यांनी मनातल्या मनात गाणं म्हणून बघितलं, ओठ हलले. “म्हणजे पहिला प्रश्न तेवढा गेला. उत्तर नाही गेलं. मिकचं नाव पण नाही गेलं.”

“नाही.”

“आणि मी थांबत होते.”

“हो.”

मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कपाट उघडलं, बरणी काढली, ब्रेडचा तुकडा तोडला आणि त्यावर चमचाभर ठेचा घातला. मग माझ्याकडे बघितलं आणि आणखी एक चमचा घातला.

“उशिरा आलीस,” त्या म्हणाल्या. “खा. तोंड वाकडं करायचं नाही.”

मी खाल्ला. सगळा खाल्ला. त्या समोर बसून बघत होत्या. संपल्यावर दही दिलं नाही, पाणी दिलं नाही.

“तुझा बाप पत्रकं छापायचा ना? तू नुसत्या घड्या घातल्यास वाटतं. आता लिही. तुझ्या नावानं लिही, टाकलेल्या आडनावासकट. मी एकटी सही करून करून दमले.”

माफ केलं असं त्या तेव्हा म्हणाल्या नाहीत, नंतरही नाहीत. मी विचारलेलं नाही.

पुढचं वर्ष बंद-उघड करण्यात गेलं. तक्रारीचं उत्तर एकदा आलं: विषय विचाराधीन आहे. शैलाताई घरोघरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करायला लागल्या. सेकंड शिफ्टने मिकच्या जागी दुसरा ड्रमर घेतला नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात उघड्यावर जमायला परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी नासच्या कालव्यापाशी गवतावर एक कार्यक्रम ठेवला. बोलावणं दोन प्रकारच्या लोकांना होतं: त्या नर्सिंग होममध्ये ज्यांची माणसं गेली ते, आणि आमचं मंडळ. पहिले आले. घडीच्या खुर्च्या घेऊन आले, अंतर ठेवून बसले, काहींच्या मांडीवर फोटो होते. मंडळातून पाच जण आले आणि शेवटच्या झाडाखाली, गाडी पटकन काढता येईल असे उभे राहिले. अभयदादांचा मेसेज आला: जमत नाही, मनापासून शुभेच्छा.

तो मेसेज वाचत मी बँडच्या बाजूला उभी होते. शैलाताई गाणं सुरू करायला वळल्या आणि सवयीने हात पुढे केला, मिकच्या दिशेने. तिथे मिकचं रिकामं स्टूल होतं. त्यांनी हात मागे घेतला. मग माझ्याकडे आल्या आणि माझं मनगट धरलं. बोटं कोरडी, घट्ट. डोळे उलट्या घड्याळावर.

“एकशे बारा,” त्या म्हणाल्या. “काय झालं गं?”

“राग आलाय.”

“हाय तेवढाच ठेव. वाढवू नको, कमी पण करू नको.” मग वळून डर्मटला, “एकशे बारा.”

डर्मटने भुवया उंचावल्या. एवढ्या जलद सेकंड शिफ्टने कधी काही वाजवलं नव्हतं. पण त्याने धरलं.

शैलाताई माइकपाशी गेल्या. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. प्रश्न टाकला, आधी इंग्रजीत, मग मराठीत. आणि थांबल्या. मला अजून त्या तशाच दिसतात: पांढरे बूट गवतात रोवलेले, मान तिरकी, एक कान लोकांकडे. खुर्च्यांमधून उत्तर आलं, इंग्रजीत, फाटलेल्या आवाजांत. मराठी उत्तर एकच होतं, माझं. त्या पुढे गेल्या नाहीत. शेवटच्या झाडाकडे बघत त्यांनी पुन्हा विचारलं, “किल्ली कुणाकडं?” आणि पुन्हा थांबल्या.

तर आता पुन्हा विचारते. एक मेच्या त्या कार्यक्रमात मंडळातले तुमच्यापैकी कितीतरी जण चौकटीत होतात. माइक बंद करणारी मी होते, स्वाती कुलकर्णी. पण त्यानंतर एकानेही विचारलं नाही की त्या बाईंचे ओठ हलत होते, मग आवाज कुठे गेला.

मंडळाची पुढची सभा लवकरच आहे. तिथे उठून उभे राहा. आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगा, मग म्हणा की शैला कांबळेंना बोलवा आणि ते गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत होऊ द्या. त्या येतील, मी त्यांना विचारलं आहे. आणि प्रश्न विचारून त्या थांबल्या की, एवढं करा, शेजाऱ्याकडे बघू नका. उत्तर द्या.